गारीतलं खरं

वऱ्हाड भाताला बसलं तशा बायका ओसरीच्या कुडामागे दाटीवाटीनं सरकल्या. जेठाचा उकाडा, माशाच्या कालवणातला मोहरीचा झणका, अंगणात चौदा पत्रावळी आणि त्यांच्यापुढे चौदा पाहुणे. रामपरीच्या नणंदेचं, फुलेसरीचं, लग्न आदल्या रात्री लागलं होतं. पानात भात पडला होता, वर कालवण पडलं होतं, पण एकाही पाहुण्यानं घासाला हात घातला नव्हता. गारी सुरू झाल्याशिवाय घालायचाही नसतो.

"हो की पुढे," सासूनं रामपरीच्या पाठीत बोट खुपसलं. "गळा काय लोणच्यात घालून ठेवायचाय?"

गारी म्हणजे शिव्याच, पण चालीत बसवलेल्या. मुलीकडच्या बायकांनी मुलाकडच्या पुरुषांना भर जेवणात घालायच्या. घातल्या नाहीत तर पाहुणे रुसतात; आमची एवढीही किंमत नाही का, म्हणतात. कमला नदीच्या अलीकडच्या नावाडी-कोळी मल्लाहांच्या चार वस्त्यांत गारी बांधावी तर रामपरीनंच. माणसाचं नाव, मिशी, चाल, खोकला, काय वाट्टेल ते ती उभ्या उभ्या ओळीत ओवायची.

आधी तिनं मुलाकडच्या न्हाव्याला घेतलं, मग नवरदेवाच्या मेव्हण्याला. मेव्हण्याची आई तिनं गाढववाल्याबरोबर लावून दिली तेव्हा तो मेव्हणाच सगळ्यांत जास्त हसला. मग पाळी आली बिलट सहनीची. हा नवरदेव ललितचा थोरला चुलता. ललितचा बाप तो रांगता असताना गेलेला. पोराला वाढवलं ते या चुलत्यानं. तेव्हा खरा व्याही हाच. उंच, वाळका, मिशी पिकलेली, आणि दोन्ही तळहात मखाना फोडून फोडून कोळशासारखे काळे.

रामपरीनं सूर उचलला:

"बिलट व्याही आले हो, एकटेच आले हो,
विहीणबाई आमच्या कुठं ठेवून आले हो?"

बायकांनी ओळ झेलली. मखाना न्यायला रस्त्यावरून ट्रक जायचे, लग्नाचं घर फुलांनी सजलेलं, आणि पुढची ओळ रामपरीच्या तोंडी आपोआप आली:

"ट्रक आला फुलांचा, भोंगा वाजवी जोरात,
विहीण बसली पुढच्या शिटावर, व्याही उभे दारात!"

अंगण फुटल्यासारखं हसलं. कोणीतरी कुडावरून मोबाईल धरला होता, तो हसण्यानं हलत होता. रामपरीनं गाता गाताच कुडाच्या फटीतून बिलटच्या तोंडाकडं पाहिलं. तिला पाहायचंच होतं. पुढे कितीतरी दिवस तिला ओळ आठवली नाही, हे पाहणं आठवलं.

बिलटचा हात भातात होता, तो तिथंच राहिला. त्याच्या बाजूला बसलेल्या त्याच्या गावच्या तिघांनी माना खाली घातल्या आणि ते माशाचे काटे शोधायला लागले. मग बिलट हसला. सगळ्यांचं हसून झाल्यावर, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं.

"गळा आहे का भोंगा!" तो म्हणाला.

सगळे पुन्हा हसले, या वेळी जरा सुटल्यासारखे. पण पत्रावळी उचलताना सासूला दिसलं: बिलटच्या पानात भात तसाच होता. बोटांच्या खुणांसकट.

वऱ्हाड गेल्यावर सासूनं रामपरीला चुलीपाशी गाठलं. "हे ट्रकाचं तुला कुठून सुचलं?"

"सुचलं."

"सुचलं का माहीत होतं?"

रामपरी राख सारत राहिली. दोन वर्षांपूर्वी माहेरच्या जत्रेत मावशी कानाशी लागली होती. सिमरटोकच्या बिलटची बायको माहेरी आजारी आईजवळ असते म्हणतात ना, कुठली माहेरी! सोळा वर्षं झाली, मखाना न्यायला आलेल्या ट्रकवाल्याबरोबर गेली ती गेली. रामपरीनं ते ऐकलं होतं आणि जिलबी खाता खाता विसरलीही होती. विसरली होती असं तिला वाटलं होतं.

"गारीत खोटं घालायचं असतं गं बाई," सासू म्हणाली. "खोटं असतं म्हणून तर माणूस हसतो. आईला गाढववाल्याबरोबर पळव, बापाला म्हशीशी लाव. खरं घातलंस तर मग ती गारी कसली?"

"मी जाते सिमरटोकला. पाय धरते त्यांचे."

"खबरदार!" सासूनं तिचं मनगट पकडलं. "गारीची कधी कोणी माफी मागितलीय? मागितलीस, म्हणजे खरं होतं हे तूच चार माणसांत सांगितलंस. आज निदान त्याला म्हणता येतं, बायकांनी गारी घातली. तेवढं तरी ठेव त्याच्याजवळ."

*

भादव्यात तळ्यातला मखाना काढायला आला. रामपरीचा नवरा जीबछ पाण्यात उतरायचा. बांबू गाळात रोवायचा, तो धरून बुडी मारायची आणि तळाच्या चिखलात हात फिरवत काळं बी टोपलीत ओढायचं. जीबछचा दम मोठा होता. त्याचं डोकं वर येईपर्यंत काठावर बसलेली रामपरी आपला श्वास धरायची आणि रोज त्याच्या आधी तिचाच सुटायचा. तो वर आला की कानातनं, नाकातनं काळं पाणी गळायचं. मखान्याच्या पानांच्या काट्यांनी दंडावर रेघोट्या उठलेल्या असायच्या.

बी काढणं जमत होतं. पण बी तसंच व्यापाऱ्याला द्यायचं म्हणजे वर्षाचा घाम पाण्याच्या मोलानं द्यायचा. ते भाजून, फोडून पांढरी लाही करायची तर जाणता हात लागतो. ते काम सासरा करायचा. तो गेल्या थंडीत गेला. सोयरीक ठरवताना बिलट आपणहून म्हणाला होता, "पहिला हंगाम मी येऊन फोडून देतो. जीबछला शिकवतो. नाती काय नुसती भात खायला असतात?"

लग्नानंतर त्यानं यावं अशी कोणी आशा धरली नव्हती. पण एका सकाळी तो बांधावरून येताना दिसला. सायकलच्या मागे सहा लोखंडी कढया बांधलेल्या, हँडलला एक गाठोडं.

"काका!" जीबछ धावला. "या, या. आम्हाला वाटलं..."

"शब्द दिला होता," बिलट म्हणाला आणि कढया सोडायला लागला.

रामपरीनं तांब्या भरून आणला. तो तिच्याकडं न बघता म्हणाला, "ठेव तिथं." मग स्वतः हातपंपावर गेला, हापसून ओंजळीनं प्याला. दुपारी तिनं भात वाढून आणला तर त्यानं गाठोडं सोडलं. त्यात पोहे होते आणि गुळाचा खडा.

"पोट बरं नाही," तो म्हणाला. "हंगामभर पोह्यांवरच राहीन म्हणतो."

बांधावरच्या जांभळीखाली बसून त्यानं पोहे भिजवले आणि पाण्याकडं तोंड करून खाल्ले. रामपरी ताट घेऊन उभी राहिली. मग ते ताट तिनं आपल्या चार वर्षांच्या लेकीपुढे, मुनियापुढे, ठेवलं आणि घरात सासूपाशी जाऊन बसली.

सासूनं चुलीत लाकूड सारलं. मग म्हणाली, "थंडीत, अघनमध्ये, फुलोचा गौना, सासरी पाठवणी. तिला घ्यायला हाच येणार. घरच्या थोरल्यानं ज्या घरचा भात टाकला, त्या घरची पोरगी तिथं काय तोंडानं नांदायची? चुलीत लाकूड ओलं निघालं तरी तिला ऐकवतील."

पलीकडच्या खोलीत फुलेसरी आपल्या पाठवणीच्या चादरीवर टाके घालत होती. तिची सुई थांबली होती. ती ऐकत होती.

*

मखाना फोडायला दोघं लागतात, आणि दोघांना अगदी समोरासमोर बसावं लागतं. चूल मध्ये. एकानं कढईतलं बी हलवत राहायचं. त्याचा आवाज बदलला की पाच-सात बिया हातानं उचलून शेजारच्या पाटावर टाकायच्या, आणि दुसऱ्यानं त्याच क्षणी लाकडी थापीनं वार करायचा. श्वासभर आधी मारलं तर बी फुटत नाही, श्वासभर उशिरा मारलं तर आत जळतं. बरोबर बसलं की काळ्या कवचातनं पांढरीशुभ्र लाही टप्पकन उडते. जीबछ दिवसभर पाण्यात, सासूच्या डोळ्यांना धूर सोसेना, फुलेसरीला लग्न झालेली म्हणून चुलतसासऱ्यासमोर पदर डोळ्यांवर ओढून बसावं लागे आणि पदरातनं कढई दिसत नसे. उरली रामपरी.

तेव्हा सूर्य उगवायच्या सुमाराला ती आणि बिलट समोरासमोर बसायचे ते ऊन डोक्यावर येईपर्यंत. त्याचे गुडघे तिच्या गुडघ्यांपासून हातभर. तो फक्त तीन शब्द बोलायचा: "थांब." "आता." "आण." पहिल्या चार दिवसांत तिच्या उजव्या हाताच्या बोटांची सालं गेली. तिनं हळद-मोहरीचं तेल लावलं, वर चिंधी गुंडाळली. चिंधीनं बी उचलता येईना म्हणून सोडून टाकली. त्यानं एकदा तिच्या बोटांकडं पाहिलं.

"राख लाव," तो म्हणाला. "तेलानं जास्त भाजतं."

तो चौथा शब्द. त्या दिवशी तिला वाटलं, आज जेवेल. तिनं तळ्यातली कवई मासळी साफ केली, मोहरी वाटली, आमसुलासारखी आंबट कच्ची करवंदं घालून कालवण केलं. वास बांधापर्यंत गेला. बिलटनं गाठोड्यातनं पोहे काढले.

"काका, दोन घास..."

"पोट."

शेजारची बुचनी घडा घेऊन पंपावर आली होती. तिनं ते पाहिलं आणि खुदखुदली. "काय गं रामपरी, पाहुण्याला तुझ्या हातचं उतरत नाही वाटतं? का तोंडचं उतरलं नाही अजून?"

एरवी रामपरीनं तिची अशी जिरवली असती की बुचनी घडा विसरून घरी गेली असती. शब्द जिभेच्या टोकावर होतेही. बुचनीच्या नवऱ्याचं लंगडणं होतं, पोराचं चोरून ऊस मोडणं होतं, सगळं तयार होतं. तिनं ते गिळलं. गिळताना पहिल्यांदा तिच्या लक्षात आलं, की आपल्याजवळ प्रत्येकाचं काही ना काही साठवलेलं आहे.

मग तिला ते सगळीकडं ऐकू यायला लागलं. जीबछ पाण्यातल्या जोडीदाराला "ए बहिऱ्या" म्हणायचा. त्या माणसाचा कान खरंच गाळानं गेला होता. सासू फुलेसरीला "सासरचं धन, खा खा आमचंच" म्हणायची. रामपरी स्वतः मुनियाला लाडानं "काळतोंडी" म्हणायची, जन्मल्यापासून. एका दुपारी मुनिया चिंध्यांच्या बाहुलीचं तोंड राखेनं घासत होती. "काळतोंडी, गोरी हो," म्हणत होती, आणि इतकी मन लावून घासत होती की चिंधी फाटली.

"काय करतेस गं?" रामपरीनं विचारलं.

"हिला कोण नेणार लग्न करून," मुनिया म्हणाली.

हे वाक्य तिला कोणी शिकवलं? रामपरीनं आठवून पाहिलं. तिनंच कधीतरी म्हटलं होतं.

जीबछपाशी ती एकदा बोलली. तो अंगाला तेल चोळत होता.

"तुझ्या जिभेनं घर बुडवलं असतं," तो म्हणाला. "तो भला माणूस म्हणून आला."

"तूही हसला होतास."

"सगळेच हसले होते."

"मग?"

"मग काय? हसलो म्हणजे मी गायलो का?" त्यानं तेलाची वाटी पुढे सरकवली. "पाठीला लाव."

*

हंगाम सरत आला होता. अंगणात चटयांवर पांढऱ्या लाहीचे ढीग पडले होते, चाळण्या एकीवर एक चढल्या होत्या. मुनिया चुलीपासून चार हातांवर कवचांत खेळत होती. आगपेटीचा ट्रक केला होता, त्यात एक फुटकं बी बसवलं होतं. "पों पों" करत ती आगपेटी धुळीतनं ओढत होती, आणि तोंडानं गात होती:

"विहीण बसली पुढच्या शिटावर, व्याही उभे दारात..."

चाल अचूक होती. हरकतसुद्धा रामपरीचीच.

रामपरी उठली आणि तिनं मुलीच्या थोबाडीत मारली. आगपेटी उडाली. मुनियाला रडायलाही क्षणभर लागला; आपण काय केलं हे ती आईच्या तोंडावर शोधत होती.

"तिला मारू नकोस," बिलट म्हणाला.

थापी त्याच्या हातात तशीच होती. रामपरी उभी राहिली, पाठमोरी.

"तिनं काय केलं? ऐकलं ते म्हटलं." तो सावकाश बोलत होता, न बोलायची सवय झालेल्या माणसासारखा. "आमच्याकडची पोरंही म्हणतात. शाळेत जाताना, तळ्यावर. कोणीतरी मोबाईलवर आणलं गावात. चहाच्या टपरीवर लावतात, मी आलो की बंद करतात. बंद केलं की जास्त ऐकू येतं. गाणं बांधलंयस चांगलं. चाल पटकन बसते."

"काका..."

"अठरा वर्षं गावानं एक गोष्ट झाकून धरली होती. भांडणातसुद्धा कोणी काढली नाही. बांधावरनं डोकी फुटली, तरी नाही. कोणी त्यांना सांगितलं नव्हतं तसं करायला." त्यानं पाटावरचं कवच बोटानं झटकलं. "आता पोरांच्या तोंडून काढायची म्हणजे कोणाकोणाला मारणार?"

रामपरी खाली बसली. सासूचं बोलणं तिला आठवत होतं, तरी ती बोललीच. "काका, मी त्या दिवशी..."

"बी जळतंय," बिलट म्हणाला.

"मला ठाऊक होतं, तरी..."

"हात चालव!" पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. मग तो उतरला. "बोलू नकोस, पोरी. तू बोललीस तर मला उत्तर द्यावं लागेल."

तिनं कढईत हात घातला. त्या घाण्याचं अर्धं बी करपून गेलं होतं. त्यानं ते एकेक फोडून बाजूला टाकलं, आतून पिवळं पडलेलं. फेकलं नाही. "घरी खायला होईल," म्हणाला. मुनिया सासूच्या मांडीत हुंदके देत होती. आपण मुलीला मारलं ते मुलीच्या चुकीसाठी नव्हे, हे रामपरीला कळत होतं. पण उठून तिला जवळ घेण्याइतकीही उसंत कढई देत नव्हती.

तिसऱ्या दिवशी बिलटनं कढया घासल्या, सायकलला बांधल्या. जीबछला जवळ बोलावून शेवटचं सांगितलं: कुठलं बी कितपत वाळवायचं, कोणत्या आवाजाला वार करायचा. "हात जमलाय तुझ्या बायकोचा," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी मी लागणार नाही." गाठोडं रिकामं झालं होतं. ते त्यानं झटकलं, घडी घालून खिशात ठेवलं, आणि तो बांधावरनं निघून गेला. त्या घरचा भात न खाता.

*

अघनमध्ये धान कापून झालं आणि गौन्याचा दिवस आला. सिमरटोकहून दहाजण नावेनं आले. ललित नव्या सदऱ्यात, त्याचे सोबती, दोन म्हातारे, आणि पुढं बिलट. हवेत गारठा होता, पाहुण्यांनी चादरी गुंडाळल्या होत्या. फुलेसरी आत बायकांच्या गळ्यात पडून रडायच्या आधीच रडून दमली होती.

पाहुणे भाताला बसले. भात वाढला, डाळ वाढली, माशाच्या मोठमोठ्या तुकड्यांचं कालवण वाढलं. बायका कुडामागे सरकल्या.

आणि कोणी गाईना.

रामपरी अगदी मागे, भिंतीला टेकून उभी होती. ती पुढे होईना म्हणून बुचनीनं तोंड उघडलं नाही, बुचनीनं उघडलं नाही म्हणून बाकीच्यांनी नाही. एकमेकींच्या पदराला ओढाओढ चालली. अंगणात दहा माणसं पानापुढे हात आवरून बसली होती. कालवणाची वाफ विरत चालली. ललित काकाकडं बघत होता, म्हातारे जमिनीकडं. सिमरटोकच्या एका सोबत्यानं दुसऱ्याला कोपर मारलं.

तेव्हा रामपरीला दिसलं की हे गप्प राहणं काय सांगतंय. त्या दिवशी गायलेलं कोणी गारी म्हणून विसरलं असतं, तर आजच्या या मुक्या कुडानं त्यावर शिक्का मारला असता. बायका घाबरल्यात, म्हणजे तेव्हाचं खरं होतं.

"काय झालं?" बिलटचा आवाज आला. तो मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असा बोलत होता. "तेराव्याचं जेवण आहे का हे? का या घरच्या बायकांचे गळे बसले? आम्ही नदी ओलांडून आलो ते काय मुक्यानं गिळायला?"

कोणीतरी हसलं. बायका रामपरीकडं वळल्या. सासूनं या वेळी बोट खुपसलं नाही. तिनं नुसता हात रामपरीच्या पाठीवर ठेवला.

रामपरी पुढे झाली. तिनं ललितला घेतलं, त्याच्या नव्या सदऱ्याला घेतलं, म्हाताऱ्यांच्या चादरींना घेतलं. साध्या, जुन्या, कोणीही गाव्यात अशा ओळी. हसू येत होतं, पण अर्धवट, वाट बघणारं. बिलटला वगळता येत नव्हतं. दहाजणांत तो एकटाच उरला होता, आणि त्याचा हात भातावर नुसता टेकलेला होता.

गारीत खोटं घालायचं असतं. तिनं डोळे मिटले, फटीतनं पाहिलं नाही, आणि निराळीच चाल उचलली:

"सूर्य आला माथ्यावर, आटपा आता व्याही,
विहीण दारात उभी तुमची, जेवली नाही काही!
पाच मासे एकट्यानं खाता, तिला ठेवली उपाशी,
अशा नवऱ्याची मिशी कापा, बांधा म्हशीच्या शेपटाशी!"

बायकांनी ओळ उचलायला एक श्वास लावला. मग उचलली. अंगणातली माणसं आधी बिलटकडं बघत होती. बिलटनं मिशीवरनं मूठ फिरवली, जागेवर आहे का बघितल्यासारखी, आणि अंगण हसलं. त्यानं घास केला. तोंडात घातला. चावला. दुसरा घास केला.

"मासा आण अजून," तो म्हणाला. "पाच म्हणता आणि वाढता दोन?"

सासू कुडामागे मटकन खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडायला लागली. रामपरी गात राहिली. कुणाकुणाला काय काय म्हणत होती, तिचं तिलाही कळत नव्हतं.

जेवणं झाली. बिलटच्या पत्रावळीत काट्यांशिवाय काही उरलं नव्हतं. फुलेसरीला नदीपर्यंत पोहोचवायला सारी वस्ती निघाली. घाटावर रडारड झाली; फुलेसरी वहिनीच्या गळ्याला अशी बिलगली की दोघींच्या बांगड्या एकमेकींत अडकल्या. सोडवून तिला नावेत बसवलं. सोबती चढले, म्हातारे चढले, ललित चढला.

बिलट मागे राहिला होता. रामपरी घाटाच्या वरच्या पायरीवर मुनियाला कडेवर घेऊन उभी होती. तिच्याजवळून जाताना तो थांबला. त्यानं मुनियाच्या डोक्यावर तो काळा हात ठेवला.

"गाण्यात म्हणालीस ना," तो हळू म्हणाला, "ती जेवली नाही म्हणून."

रामपरीनं मान खाली घातली.

"मला खरंच घरी जायची घाई झाली गं. घास टाकून उठावंसं वाटलं." तो पाण्याकडं बघत होता. "अठरा वर्षांत झाली नव्हती."

रामपरीनं मान वर केली.

नावेतून ललितनं हाक मारली, "काका, चला ना! उशीर होतोय!"

"आलो, आलो," बिलट म्हणाला, आणि एकेक पायरी बघून, अगदी सावकाश, खाली उतरला.